म्युनिकचे स्पीकर आणि माझे कान

विक्रोळीला आमच्या वस्तीच्या तोंडाशी माझे सहा बाय आठचे दुकान आहे. पाटीवर लिहिले आहे, 'येथे सर्व प्रकारचे स्पीकर दुरुस्त करून मिळतील.' पाटी १९८४ सालची. अक्षरे दोनदा रंगवून घेतली, मजकूर तोच ठेवला. जळालेली कॉइल काढायची, नवी बांधायची, फाटलेला कोन बदलायचा. कॉइल बरोबर मध्यभागी बसावी म्हणून भोवतीने जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या खोचायच्या, गोंद सुकू द्यायचा, पट्ट्या ओढून काढायच्या आणि दोन्ही अंगठ्यांनी कोन हलकेच दाबून बघायचा. घासला तर पुन्हा पहिल्यापासून. एवढाच माझा धंदा. त्यावर दोन लेकरे शिकली. थोरली इंजिनिअर झाली आणि आता जावयासह जर्मनीत म्युनिक शहरी असते.

२०२४ च्या मे महिन्यात तिने आम्हा दोघांना तिकडे बोलावून घेतले. तिची आई नातवात रमली. मी मात्र आठवड्यात कंटाळलो. हाताला काम नाही, बोलायला माणूस नाही, आणि रस्ते असे शांत की आपल्याला काही झाले की काय असे वाटावे. माझी ही अवस्था लेकीने ओळखली. म्हणाली, "पप्पा, रविवारी तुम्हाला स्पीकरच्या जत्रेला नेते. आणि ऐका, मी थोडे पैसे बाजूला ठेवलेत. आयुष्यभर तुम्ही दुसऱ्यांचे स्पीकर वाजते केले, आपल्या घरात मात्र दुरुस्तीला आलेलाच वाजायचा. आता एक चांगला संच घेऊ. कोणता घ्यायचा ते तुम्ही ऐकून सांगा. तुमच्या कानावर माझा भरवसा आहे."

हे ऐकून मी फुगलो. खोटे कशाला सांगू? शाळा माझी नववीपर्यंत. पण कानाच्या बाबतीत माझ्यापुढे कोणी शहाणपण सांगू नये, असे मला चाळीस वर्षे वाटत आले होते.

तर १२ मे २०२४ चा रविवार. 'हाय एंड' नावाच्या त्या प्रदर्शनाचा तो शेवटचा दिवस होता. २००४ पासून ते म्युनिकच्या उत्तर टोकाला फ्रायमान भागात एम.ओ.सी. नावाच्या मोठ्या इमारतीत भरत असे. २०२५ नंतर ते म्युनिक सोडून ऑस्ट्रियात व्हिएन्नाला गेले. भुयारी रेल्वेच्या ६ नंबरच्या गाडीने कीफर्नगार्टन स्टेशनला उतरलो आणि लोकांच्या मागोमाग चालत गेलो. खाली मोठी दालने, वर काचेच्या छताखाली मोकळा चौक आणि भोवतीने खोल्याच खोल्या. प्रत्येक खोलीत एक संच, समोर खुर्च्या आणि खुर्च्यांवर देवळात बसावेत तसे गप्प बसलेले लोक. बहुतेक माझ्याच वयाचे, पांढऱ्या केसांचे बाप्ये. बायका फारच थोड्या. आमच्या हिने दाराशीच सांगितले, "तुम्ही बघा, मी बाहेर बाकावर बसते."

हाय-फाय हा शब्द आपण टीव्हीच्या जाहिरातीत ऐकतो आणि त्याचा अर्थ 'भारी' असा घेतो. तो हाय फिडेलिटीचा लघुशब्द आहे. फिडेलिटी म्हणजे इमान. मूळ आवाज जसा होता तसाच परत ऐकवणे, त्यात आपल्या पदरचे काही न घालणे. जर्मन लोक नियमांचे पक्के. त्यांनी १९६० च्या दशकात डीआयएन ४५५०० या नावाचे मानकच काढले आणि कोणत्या संचाला हाय-फाय म्हणता येईल ते आकड्यांत लिहून ठेवले. स्पीकरने निदान ५० पासून १२,५०० हर्ट्झपर्यंतचा आवाज दिला पाहिजे, अशी त्यात अट होती. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने. कमी कंपने म्हणजे ढोलाचा घुमारा, जास्त म्हणजे टाळाची किणकिण. हा १२,५०० चा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे लागणार आहे.

आता मूळ आवाज कसा होता हे ज्याला माहीत असेल, त्यालाच परत आलेला आवाज इमानी आहे की नाही हे सांगता येईल. प्रदर्शनातल्या खोल्यांतून वाजत होते ते सारे त्यांचे संगीत. पियानो, मोठे व्हायोलिन, बाईचा हळुवार आवाज. सगळेच गोड. मी त्यातले एकही वाद्य पाच फुटांवरून ऐकलेले नाही. मग मी काय डोंबल निवाडा करणार? म्हणून मी माझा माल बरोबर नेला होता.

१९८७ साली आमच्या चाळीतल्या एका बारशाला गायन पार्टी बसली होती. हार्मोनियम, ढोलकी, टाळ आणि गाणारा बेस्टमधला कंडक्टर. ढोलकीवर माझा थोरला भाऊ. मी एकच माइक मध्ये टांगून डेकवर कॅसेट भरली होती. भाऊ २००३ मध्ये वारला. ती कॅसेट मोबाइलवर चढवून घेतलेली आहे. पैशाने पाहिले तर त्या रेकॉर्डिंगला काही मोल नाही. पण त्या खोलीत मी होतो, माइकच्या शेजारी मांडी घालून बसलो होतो. भावाच्या ढोलकीची शाई कशी बोलायची आणि धुमा कसा घुमायचा, हे मला सांगावे लागत नाही.

पहिल्या दोन खोल्यांत लेकीने विचारले तर माणसे हसली आणि नाही म्हणाली. तिसऱ्या खोलीत भोंगे होते. आपल्याकडे खांबाला बांधतात तसले नव्हेत. माणसाच्या उंचीचे, लाकडाचे, पॉलिश केलेले, जुन्या सिनेमागृहातल्यासारखे. किंमत दोन लाख युरोंच्या वर. तेव्हा युरो नव्वद रुपयांच्या आसपास होता, हिशेब ज्याचा त्याने करावा. तिथला पोरगा उमदा होता. त्याने माझे गाणे लावले.

पहिली थाप पडली आणि मी दचकलो. भाऊच बसला होता समोर! भोंग्याची हीच खुबी आहे. साधा खोक्यातला स्पीकर एका वॅटमध्ये मीटरभर अंतरावर ८५ ते ९० डेसिबल आवाज देतो, भोंगा १०५ सुद्धा देतो. वीस डेसिबलचा फरक म्हणजे शंभरपट ताकद. म्हणूनच आपल्याकडे तीस वॅटच्या युनिटवर अख्खे मैदान ऐकते. भोंग्याला जोर करावा लागत नाही, त्यामुळे थाप जशी पडली तशी सुटते. पण कंडक्टर गायला लागला आणि माझे तोंड वाकडे झाले. सर्दी झाल्यासारखा आवाज. तो तसा गात नव्हता.

पुढे एका कोपऱ्यातल्या लहान खोलीत फूटभर उंचीची दोन खोकी होती. बी.बी.सी. या इंग्लंडच्या रेडिओने १९७० च्या दशकात आपल्या गाडीत बसवायला एलएस ३/५ ए नावाचा स्पीकर तयार केला होता, त्याच जातीची. गाडीत जागा कमी आणि काम मुख्यतः निवेदकाचा आवाज पारखण्याचे. म्हणजे माणसाचा आवाज बरोबर आला पाहिजे, बाकी जमेल तेवढे. आणि तसेच झाले. कंडक्टर श्वास घेतो तो ऐकू आला. हार्मोनियमचा भाता मागे जाताना होणारी धाप ऐकू आली. ढोलकी मात्र लहान मुलाच्या खेळण्यातली वाटली.

बायकोला लेकीने आत आणून बसवले होते. ती एवढेच म्हणाली, "आवाज त्याचाच आहे." मग थोडा वेळ कोणी बोलले नाही.

माणसाचा उघडा आवाज ही किती कठीण परीक्षा असते, याचा दाखला त्याच बव्हेरिया प्रांतातला आहे. आपण मोबाइलवर एमपी३ ऐकतो ना, ती पद्धत घडवण्यात एर्लांगन गावच्या फ्राउनहोफर संस्थेचा मोठा वाटा होता. तिथले कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी ती तासून घेताना सुझान व्हेगा या गायिकेचे 'टॉम्स डायनर' हे गाणे पुन्हा पुन्हा ऐकले. त्यात वाद्य नाही, नुसता गळा. वाद्यांच्या गर्दीत खोट लपते. एकट्या गळ्यात ती लगेच उघडी पडते.

आता मी रंगात आलो होतो. जावयाच्या मोबाइलवर आवाज मोजायचे साधन होते. ते धरून पाहिले तर भोंग्यांच्या खोलीत ८६ डेसिबल आणि छोट्या खोक्यांच्या खोलीत ७७. ही तुलना झाली होय? दुकानदाराची ही जुनी युक्ती आहे. दोन स्पीकर सारखेच असले आणि एक किंचित मोठा वाजवला, तर गिऱ्हाईक मोठ्यालाच 'स्वच्छ' म्हणते. फरक एक डेसिबलच्या आतला असला तर तो मोठा आहे हे कळतसुद्धा नाही, नुसता बरा वाटतो. मी पुन्हा भोंग्यांकडे गेलो आणि त्या पोराला बटन खाली आणायला लावले. तो हसला, पण त्याने ऐकले. आवाज ७७ वर आणल्यावर भोंग्यांची निम्मी जादू उतरली. ढोलकी तरी चांगलीच होती, पण मी दचकलो नाही.

खोलीचाही दोष असतो. एका काचेच्या खोलीत धुम्याचा असा काही दणका उठला की ढोलकी नव्हे, नाशिक ढोल वाटावा. स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यात ढकललेले होते. कोपऱ्यात ठेवला की खालचा आवाज फुगतो, हे आमच्याकडे मंडप बांधणारे पोरगेही सांगेल. लाखांचा संच आणि ठेवला असा! मी मराठीतच बोलून गेलो. लेकीने भाषांतर केले नाही, बरे झाले.

आणि मग ती शेवटची खोली. मध्यम आकाराचे स्पीकर, किंमत लेकीच्या आवाक्यातली. इथे ढोलकी पुरती, गळा सरळ, भाता ऐकू येणारा. मी बटन ७७ वर आणून तीनदा ऐकले. डोळे मिटून ऐकले. मागे खसखस नाही, किरकिर नाही. मी लेकीला म्हणालो, "हाच घ्यायचा. सगळ्यात स्वच्छ हाच."

आमचा नातू नऊ वर्षांचा. तो दोन्ही कानांवर हात ठेवून दारात उभा होता.

"आजोबा, बाहेर या ना. इथं शिट्टी वाजतेय."

मला वाटले, खेळतो आहे. मी विचारले, "कसली शिट्टी?" तो म्हणाला, "सारखी वाजतेय. गाणं थांबलं तरी वाजतेय." मी लेकीकडे पाहिले. तिने मान खाली घातली. म्हणाली, "बारीक आहे, पप्पा. पण आहे." जावईही म्हणाला, आहे. मशीन बंद केले, नातवाने हात काढले. चालू केले, त्याने पुन्हा ठेवले. आतल्या एखाद्या भागात बिघाड असणार, असा बिघाड मी शंभर वेळा काढला असेन. मी स्पीकरला कान लावला. उजवा लावला, डावा लावला. काही नाही. सगळ्यात स्वच्छ.

त्या रात्री लेकीच्या घरी मोबाइलवर आवाज लावून पाहिले. एकच सूर, हळूहळू वर चढत जाणारा. मोबाइलवरची तपासणी म्हणजे डॉक्टरची नव्हे, पण अंदाज येतो. नातवाने १७,००० पर्यंत हात वर ठेवला. लेकीने १५,००० ला खाली केला. माझा हात ७,००० च्या अलीकडेच खाली आला आणि डाव्या कानाने तर त्याहून आधी. जुन्या टीव्हीच्या डब्यातून एक बारीक शिट्टी यायची, १५,६२५ हर्ट्झची. तरुणपणी मी गल्लीतून चालताना कोणाच्या घरी टीव्ही चालू आहे ते आवाज बंद असला तरी सांगायचो. ती शिट्टी केव्हा थांबली, ते मला आठवेना. टीव्ही बदलले म्हणून थांबली, असे मी धरून चाललो होतो.

वयाने वरचे सूर जातात, ते सर्वांचेच जातात. पण डाव्या कानाचे तसे नव्हते. जयंती असो, लग्न असो, वरात असो, मी अ‍ॅम्प्लिफायर घेऊन गाडीवर बसायचो आणि स्पीकरची भिंत माझ्या डाव्या हाताला. रात्र रात्र. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमात आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि दर पाच डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९५ ला चार तास, १०० ला दोन, १०५ ला एक. भिंतीजवळ आवाज याच्याही वर जातो. या हिशेबाने माझा पाळीचा वेळ वरात नाक्यावर पोहोचायच्या आतच संपत असणार. कारखान्यात निदान नियम कागदावर तरी आहे. वरातीतल्या पोराला कोण सांगतो? मला कोणी सांगितले नाही आणि सांगितले असते तरी मी ऐकले नसते.

जावई वाचणारा माणूस. त्याने आणखी एक गोष्ट वाचून दाखवली. कॅनडाचे शास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात स्पीकर पडद्याआड ठेवून लोकांना ऐकवले आणि मते घेतली. पुढे १९९४ मध्ये त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर एकदा दाखवून आणि एकदा झाकून ऐकवले, तर त्याच माणसांचे गुण बदलले. रूप आणि नाव दिसले की कान बिघडतो. हे ऐकून मला बरे वाटले, कारण मी डोळे मिटून ऐकले होते. पण पुढचे वाक्य माझ्यासाठी होते. ज्यांचे कान अधू, त्यांचे मत एकसारखे राहत नाही. आज एक, उद्या दुसरे. म्हणजे निवाड्याला मीच नालायक.

झोप लागली नाही. मला तो संच आठवत नव्हता, एक गिऱ्हाईक आठवत होते. २०१६ च्या सुमारास शेजारच्या वस्तीतला एक पोरगा दोन स्पीकर घेऊन आला होता. रिक्षात बसवायचे होते. मी कॉइल बांधून दिली. तो परत आला, "काका, चरचरतंय." मी उघडले, अंगठ्यांनी दाबले, वाजवले. काही नाही. दिले. तो पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी दुकानात चार माणसांसमोर त्याला म्हणालो, "स्पीकर ठीक आहे, तू तुझे कान तपासून घे." पोरगा काही न बोलता गेला. साडेतीनशे रुपये घेतले होते मी त्याचे. असे किती गेले असतील, जे तिसऱ्यांदा आलेच नाहीत?

संच घेतला नाही. लेक म्हणत होती, दुसरा बघू. मी म्हटले, "ज्याने ऐकायचं त्यालाच ऐकू येत नाही, तर पैसे कशाला घालतेस?" ते पैसे शेवटी दुसऱ्याच कामी आले. मुंबईला परतल्यावर डॉक्टरांकडे रीतसर तपासणी केली. कागदावर आलेखाची रेघ ४,००० हर्ट्झजवळ विहिरीत उतरावी तशी खाली गेलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोठ्या आवाजाने गेलेला कान बहुधा असाच दिसतो आणि गेले ते परत येत नाही, उरलेले सांभाळा. त्यांनी विचारले, "माणसं बोलतात ते ऐकू येतं, पण समजत नाही, असं होतं का?" स, श, च, फ ही अक्षरे वरच्या सुरांत असतात, ती आधी गळतात म्हणे. मी हिच्याकडे पाहिले. दहा वर्षे मी हिला म्हणत आलो की तू पुटपुटतेस. ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "बाई, हे एवढं कागदावर लिहून द्या." आता डाव्या कानात यंत्र आहे. त्यातून माणसांचे बोलणे सुधारले, ढोलकी मात्र पत्र्याची वाटते. यंत्र बोलण्यासाठीच केलेले असते, त्याला तरी काय बोलणार.

रिक्षावाल्या पोराला शोधून काढले. आता तो बाप्या झाला आहे, दोन लेकरे आहेत. मी साडेतीनशे रुपये पुढे केले तर घेईना. म्हणाला, "काका, ती रिक्षा कधीच विकली." मी म्हटले, "रिक्षा विकली असशील, पण चरचरत होतं ना?" तो हसला आणि म्हणाला, "होतं."

दुकान चालू आहे. हात अजून ठीक आहेत. समोरच्या घरातली एक मुलगी नववीत आहे, शाळा सुटल्यावर तासभर येऊन बसते. सुरुवातीला तिला काही सांगितले नाही, फक्त एक चांगला आणि एक बिघडलेला स्पीकर फडक्याखाली ठेवून, आवाज सारखा करून, कोणता बरा ते विचारायचो. वीसपैकी वीस वेळा बरोबर सांगते. हल्ली तिला रोजचे पन्नास रुपये देतो आणि तिने मान हलवल्याशिवाय स्पीकर दुकानाबाहेर जात नाही. परवा एका भजनी मंडळाचा बारा इंची आला होता. कॉइल बांधली, पट्ट्या काढल्या, अंगठ्यांनी दाबला, लोण्यासारखा हलला. भावाची ढोलकी लावली. तिने डोकं तिरपं करून ऐकलं.

"काका, चरचरतंय."

"कुठं?"

"टाळ वाजते ना, तिथं."

मी पाना घेतला आणि चारही स्क्रू पुन्हा सोडवले.